सुभेदारचाचांचं बाकडं

शिरूरच्या ष्टँडासमोर माझ्या रसवंतीएवढं गिऱ्हाईक कुनाकडं नसायचं. फकस्त ते रसाचा ग्लास घिऊन रस्त्यापलीकडं, इस्माईल सुभेदारांच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बसायचं. मी गल्ल्यावर एकटा, आन् माझे ग्लास त्यांच्या बाकड्यावर.

कारेगावाकडं कंपन्या नव्यानं चालू झाल्या तवाची गोष्ट. कुनी नवा कामगार सायकल घिऊन आला की चाचा ट्यूब पाण्यात बुडवायच्या आधी इचारायचे, "मी सुभेदार. सुभा म्हंजी काय, ठाऊक हाय?" त्याला कुठून ठाऊक असनार. मग चालू. शब्द अरबी, फारशीतनं आपल्याकडं आला. बादशहानं मुलखाचे वाटे केले, एकेक वाटा म्हंजी सुभा. तो सांभाळनारा सुभेदार. पुढं मराठ्यांनी बी शब्द तसाच ठेवला. पंक्चर निघालं तरी माणूस उठायचं न्हाई. माझा निस्ता जळफळाट. आमच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली, त्यात बाकडं भरंल असं सांगन्याजोगं काय?

एक दिस चाचांनी दुकान बंद केलं. म्हातारा एकटाच हातानं भाकरी थापतोय म्हणून लेकीनं दौंडला नेलं. मला पेढे वाटावं वाटलं. बाकडं उचलून माझ्या दारात आणलं, चार जनांना बसवलं आन् चालू केलं, "सुभा म्हंजी प्रांत. अरबी शब्द हाय." पुढं गाडी हलंना. दौंड गाडीचा कंडक्टर म्हनला, "आन् मग?"

"मग काय, रस घ्या."

उठले सगळे. जाताना चाचा कवा येनार, एवढंच इचारलं.

म्हनलं, दौंडात तरी म्हाताऱ्याचा किती दरबार भरलाय ते बघून येऊ. जाऊन बघतो तर चाचा व्हरांड्यात एकटेच. जावई रेल्वेत ड्यूटीला, नातवंडं टीव्हीपुढं. चहा यायच्या आत म्हनले, "सुभा म्हंजी काय, ठाऊक हाय?"

मला सगळं पाठ व्हतं. म्हनलं, "न्हाई बा."

चाचांनी खुर्ची पुढं वढली. पार पहिल्यापासनं सांगितलं. शेवटाला म्हनले, "सुभेदार मुलखाचा मालक नसतो. वरनं हुकूम आला की उठायचं, धाडत्याल तिकडं जायचं." हे मला रस्त्यापलीकडनं कवाच ऐकू आलं नव्हतं.

"कंडक्टरनं सांगितलं मला सगळं," चाचा म्हनले. "सांगायचं काम तुझं न्हवं. आलाच हायेस तर नीट ऐक. मधी मधी मान हलव."