ओठ तेवढे हलू द्या

"बाबा, रविवारी मंडळात सिनेमा आहे! आम्हीच केलाय! मूकपट!" शरयूने सासऱ्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं.

प्रल्हादरावांनी नम्रपणे मान हलवली आणि ते हसले. त्या हसण्याचा अर्थ शरयूला चार महिन्यांत कळला होता. त्यांच्यापर्यंत एक शब्दही पोचलेला नव्हता.

प्रल्हादरावांनी सोलापूरच्या कापड गिरणीत, विणाई खात्यात चौतीस वर्षं काढली होती. मागांच्या खडखडाटात कान गेले. यंत्र कानात घातलं की सगळेच आवाज सारखे मोठे होत, म्हणून ते यंत्र डबीत आणि डबी कपाटात होती. अमेरिकेत, मुलाकडे फ्रीमाँटला आल्याच्या दुसऱ्या दिवशी "मला काहीतरी काम दे" म्हणून त्यांनी हट्ट धरला, तेव्हा शरयूने सकाळचा डाळीचा कुकर त्यांच्या ताब्यात दिला. तेव्हापासून रोज ती ऑफिसला निघताना ते वरणभाताचा डबा हातात ठेवत आणि संध्याकाळी ती दार उघडून आत आली की विचारत, "डबा संपला का?"

घरात हे बरं चाललं होतं. पण तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत मात्र ते अगदी मागच्या रांगेत बसत. बोलणाऱ्याचं अर्धं तोंड माइकमागे असे. सगळे हसले की दोन क्षणांनी तेही हसत आणि मग इकडेतिकडे बघत. गेल्या पंधरवड्यात त्यांनी मुलाला, अंकुरला, दोनदा विचारलं होतं, "परतीचं तिकीट अलीकडे आणता येतं का रे?"

शरयू एका औषध कंपनीत प्रथिनांवर संशोधन करत असे. प्रश्न समोर आला की ती आधी त्यातले नको ते घटक काढून टाकी. इथे नको तो घटक होता आवाज. फ्रीमाँटच्याच नाइल्स भागात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मूकपट तयार होत असत. ते निमित्त धरून, मंडळाच्या बैठकीत सहसा तोंड न उघडणाऱ्या शरयूने सूचना मांडली होती, की आपणही बारा मिनिटांचा एक मूकपट करावा. बाबांना एकदा तरी सगळ्यांच्या बरोबरीने, वेळेवर हसता यावं, हे खरं कारण तिने कोणाला सांगितलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष सुमंत यांनी सूचना लगेच मान्य केली आणि नायकाची भूमिकाही लगेच स्वीकारली. नायिका उल्का झाली. कॅमेरा अंकुरकडे आला. डॉक्टरीणबाईचं काम करायला कोणी मिळेना, कारण शूटिंगच्या दिवशी मुलांच्या सॉकरच्या मॅचेस होत्या. ते शरयूच्या गळ्यात पडलं.

शरयूने महिनाभर अभ्यास केला होता. सुरुवातीच्या काळात कॅमेरा एका जागी, नाटकाच्या प्रेक्षकासारखा लांब उभा असायचा. मग तो हळूहळू पात्रांच्या जवळ गेला आणि गोष्ट हातवाऱ्यांतून निघून चेहऱ्यावर आली. "म्हणून आपण चेहरे जवळून घ्यायचे," तिने बजावलं.

"आणि डायलॉग?" सुमंतने विचारलं.

"ते पाट्यांवर येतील. तुमचे ओठ तेवढे हलू द्या. काय बोलता त्याला काही महत्त्व नाही."

इतक्या वर्षांच्या संशोधनात शरयूने इतकं चुकीचं विधान दुसरं केलं नव्हतं.

रविवारी हॉल भरला. शरयूने प्रल्हादरावांना दुसऱ्या रांगेत बसवलं आणि शेजारी आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, केयाला. दिवे मालवले. पडद्यावर खलाशी सुमंत पत्नीचा निरोप घेऊ लागला. पाटी आली: 'लाडके, समुद्र मला बोलावतो आहे.' सुमंतचा चेहरा पडदाभर झाला, ओठ थरथरले, आणि हॉलमधल्या नीरव शांततेत प्रल्हादराव खो खो हसले.

पुढच्या रांगेतल्या चार माना वळल्या. 'नाथ, तुमच्यावाचून मी कशी जगू?' अशी पाटी आली. उल्काने डोळ्यांत पाणी आणून काहीतरी म्हटलं. प्रल्हादरावांनी तोंडाला रुमाल लावला, तरी खांदे हलतच होते.

"आजोबा, व्हॉट्स सो फनी?" केयाने हलवून विचारलं. त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आता दोघंही हसू लागली.

सुमंतला राहवेना. त्याने सिनेमा थांबवून दिवे लावायला लावले आणि तो दुसऱ्या रांगेसमोर येऊन उभा राहिला. "काका, हा करुण प्रसंग आहे."

"असेल बुवा," प्रल्हादराव त्याच्या तोंडाकडे पाहत डोळे पुसत म्हणाले. "पण तुम्हीच तर म्हणालात, 'लवकर आटप गं, पार्किंगचे दोनच तास मिळालेत.' त्यावर ही मुलगी म्हणाली, 'आधी पाय काढ, माझ्या पदरावर उभा आहेस.'"

मग उल्का किंचाळली, "अय्या! अगदी हेच म्हटलं होतं मी!"

शरयूने अंकुरकडे पाहिलं. "बाबांना ओठ वाचता येतात?"

"हो मग! गिरणीत मागांच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार? सगळे ओठच वाचायचे," अंकुर म्हणाला. "तुला सांगितलं नव्हतं?"

"लग्नाला अकरा वर्षं झाली, अंकुर. नव्हतं सांगितलं."

तोवर हॉलमध्ये एकच गलका झाला होता. "पहिल्यापासून लावा! काकांना माइक द्या!" प्रल्हादरावांना पडद्याशेजारी खुर्ची मिळाली. सुमंत "हे स्क्रिप्टमध्ये नाहीये" म्हणत राहिला, पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. निरोपाला टाळ्या पडल्या. मग विरहाने व्याकूळ झालेला खलाशी खिडकीतून बाहेर बघत बोलू लागला. पाटी होती: 'सखे, तुझी आठवण मला जाळते.' प्रल्हादरावांनी गिरणीतल्या मास्तराच्या खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "'अंकुर, यार, कोणाला बोलू नकोस. गणपतीत शोभाला पहिलं बक्षीस मिळालं ना, ते मोदक फ्रोझन होते.'"

त्या स्पर्धेत उल्काचा दुसरा नंबर आला होता. ती जागेवरून उठली. सुमंतच्या शेजारी बसलेली शोभा मात्र बसूनच होती, फक्त नवऱ्याकडे बघत. "घरी चला," ती म्हणाली. हे वाचायला प्रल्हादरावांची गरज पडली नाही.

लोक खुर्च्यांवरून घसरत हसत होते. प्रल्हादराव सगळ्यांच्या आधी हसत होते आणि बाकीचे त्यांच्यामागून दोन क्षणांनी. शरयूला हेच हवं होतं. पण पुढचा प्रसंग डॉक्टरीणबाईचा होता.

आपण काय बोललो होतो ते तिला शब्दन् शब्द आठवलं. खाटेवर निपचित पडलेल्या उल्काची नाडी धरून ती म्हणाली होती, 'उल्का, बाबांना कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत गं. डाळीची पार खळ होते. चार महिने झाले, मी रोज ते वरण ऑफिसच्या पॅन्ट्रीत सिंकमध्ये ओततेय आणि संध्याकाळी "संपला" म्हणून सांगतेय.' चेहरा जवळून घ्यायचा आग्रहही तिचाच होता.

माणसाला या घरात एकच काम होतं. उद्या ते तिकीट बदलतील.

ती लॅपटॉपकडे धावली, पण मधल्या रांगेत गुडघे, पर्सेस आणि वड्यांच्या प्लेट्स होत्या. "बस ना गं खाली!" मागून कोणीतरी ओरडलं. पडद्यावर तिचा चेहरा आला, आठ फूट उंच, ओठांची प्रत्येक हालचाल स्पष्ट. ती बोलत होती, बोलतच होती. शेवटी 'आशा सोडू नका' ही पाटी आली.

प्रल्हादरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काका, काय म्हणाली शरयू? सांगा ना!"

"डॉक्टरीणबाई म्हणतात," ते माइकमध्ये म्हणाले, "'आशा सोडू नका.'"

"हॅ! हे तर पाटीवरचंच!"

"मग? माझी सून शास्त्रज्ञ आहे. जे लिहिलंय तेच बोलते."

लोक हिरमुसले आणि शरयू दोन प्लेट्सच्या मध्ये तशीच उभी राहिली.

त्या संध्याकाळी प्रल्हादराव त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. मंडळींनी त्यांना पुढच्या चार कार्यक्रमांची निमंत्रणं दिली होती. उल्काने तर स्वतः येऊन वाकून नमस्कार केला होता. ते कॅलेंडरवर तारखांना गोल करत बसले. परतीच्या तारखेच्या पलीकडेही त्यांनी एक गोल केलेला शरयूने पाहिला.

सोमवारी सकाळी त्यांनी नेहमीसारखा तिच्या हातात डबा ठेवला. दुपारी तिने पॅन्ट्रीत तो उघडला. वरण पिवळंधमक आणि एकजीव झालं होतं, वर तुपाचा थेंब. झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली होती.

'आज शिट्ट्या केयाने मोजल्या. सिंकला देऊ नये. त्या प्रसंगात तू पुढेही बोलली होतीस. "पण आई गेल्यापासून, डबा संपला का, असं मला दुसऱ्या कोणी विचारलेलं नाही." तेही वाचलं. आणि बेटा, कानात ओरडत जाऊ नकोस. समोर उभी राहून हळू बोल.'

शरयूने डबा बोटाने पुसून संपवला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी बघत होता; तिने बघू दिलं.

संध्याकाळी तिने दार उघडलं. प्रल्हादराव सोफ्यावरून उठले.

"डबा संपला का?"

ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि आवाज अजिबात न काढता, फक्त ओठांनी म्हणाली, "संपला."

प्रल्हादरावांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"आज खरं बोलतेयस," ते म्हणाले, आणि डबा घासायला घेऊन गेले.