स्प्रिंगला आलेला जोर

तांदळाचा डबा रिकामा निघाला म्हणून मालनबाई पोतं शोधत अंगणात आल्या, तर पोतं साइडकारमध्ये बसलं होतं. त्याच्या अंगात त्यांच्या भावाचा शर्ट होता, डोक्यावर हेल्मेट होतं आणि कमरेला चामडी पट्टा आवळलेला होता.

"अहो, हे काय?"

"बारकू आहे," कारभारी मिस्त्री गाडीखालून म्हणाले.

"बारकू कळवणच्या गाडीवर गेलाय. सकाळी माझ्यासमोर चहा पिऊन गेलाय."

"तो गेलाय म्हणूनच हा बसवलाय. काल वखारीतल्या काट्यावर दोघांना चढवलं. बारकू बहात्तर किलो, हाही बहात्तर किलो. शर्ट घातल्यावर मला तरी फरक कळत नाही."

"मग स्वयंपाकाला काय शिजवू? हेल्मेट?"

मिस्त्री बाहेर आले. "सव्वीस जानेवारीपर्यंत थांब. एक दाणा कमी होणार नाही."

"वाळू भरायची होती की!"

"वाळू बेअरिंगमध्ये शिरते. विटा आदळतात. तांदूळ माणसासारखा बसतो. आधी ताठ, मग हळूहळू सैल. तुझा भाऊ असाच बसतो. फक्त एक कर, जसा बसलाय तसाच दिसला पाहिजे."

एवढ्या बोलण्यातलं मालनबाईंनी शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

हे १९७९ सालच्या जानेवारीतलं. देवळाली कॅम्पात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं फिटरकी करून कारभारी मिस्त्रींनी नाशिकरोडला घरासमोरच दुकान टाकलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'कारभारी ऑटो वर्क्स – रेसिंग स्पेशल'. त्यांच्या हाताखालून गेलेली सर्वांत वेगवान गाडी आतापर्यंत एका दूधवाल्याची होती, आणि तीही ब्रेक नसल्यामुळे. पण 'रेसिंग' हा शब्द मिस्त्रींनी नोकरीची वीस वर्षं मनात धरून ठेवला होता. पाटी रंगाऱ्याने रंगवली, तो शब्द मात्र त्यांनी स्वतः लिहिला होता. त्यामुळे तो थोडा वर चढला होता.

सव्वीस जानेवारीला कॅम्पाच्या मैदानावर साइडकार लावलेल्या मोटरसायकलींची शर्यत ठरली आणि मिस्त्रींनी लिलावातली जुनी फटफटी बाहेर काढली. साइडकार जोडली की गाडी कायम एका अंगाला ओढते, पुढच्या दोन नळ्या लवतात, हँडल जड होतं. मिस्त्रींनी त्या नळ्या काढूनच टाकल्या. चाकाच्या दोन बाजूंना पुढे निघालेले दोन आखूड दांडे, त्यांच्या टोकांना चाक आणि वर कॅम्पाच्या भंगारातून आणलेल्या दोन जाड स्प्रिंगा, असा नवा सांगाडा त्यांनी बसवला. दोन्ही माणसं बसल्यावर पुढची बाजू बरोबर बारा सूत, म्हणजे दीड इंच, दबली पाहिजे. कमी दबली तर स्प्रिंगांवरचे वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, काढायचे, जास्त दबली तर घालायचे.

रस्त्यापलीकडे पुंजारामचं दुकान होतं. तोही त्याच वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. तो दात कोरत बघायला आला.

"कारभारी, हे पहिल्याच वळणावर गुडघे टेकणार."

"तुझे टेकतील."

"लावतो पैज. टेकले, तर तुझ्या पाटीवरचं 'रेसिंग' मी माझ्या हातानं पुसणार. नुसतं 'स्पेशल' राहील. लोक मिसळ मागायला येतील."

"आणि नाही टेकले तर?"

"तर नवा रंग आणून तेच अक्षर मी गिरवून देईन. सरळ."

अख्ख्या आळीसमोर हात मिळवले गेले.

साइडकारमध्ये बारकू बसणार हे आधीच ठरलं होतं. एसटीचा कंडक्टर असल्यामुळे घाटात कुठेही न धरता, तिकिटं फाडत, गाडीबरोबर झुकायची त्याला सवय होती. पण ड्यूटीमुळे तो रोज मिळेना, म्हणून पोतं. रोज संध्याकाळी मिस्त्री सीटवर बसायचे आणि मॅट्रिकला असलेली त्यांची मुलगी वत्सला पट्टी लावून आकडा वहीत लिहायची. वहीत एक रकाना होता 'बसणारा' म्हणून. त्यात ती रोज 'बारकू' लिहायची.

पहिले दोन दिवस बारा सूत भरलं. तिसऱ्या दिवशी साडेअकरा.

"नीट बघ."

"साडेअकराच आहे, दादा."

मिस्त्रींनी स्प्रिंगेवर बोटाने टिचकी मारली, कान लावला. "जोर येतोय हिला," ते म्हणाले. "तोफेचं पोलाद आहे. मुरतंय. लिही, स्प्रिंगला जोर आलाय, वायसर एक काढला."

वत्सलाने लिहिलं. आत मालनबाई भात उपसत होत्या.

त्यांचा हिशेब साधा होता. सुरगाण्याच्या रावजीने जीपचे पाटे बसवून घेतल्यावर आणून टाकलेला तो वर्षाचा तांदूळ. आपल्याच घरचा तांदूळ आपल्याच अंगणात बसलेला असताना रेशनच्या रांगेत कोण उभं राहील? त्या रोज शर्टाची वरची दोन बटणं काढायच्या, पोत्याची शिवण उसवून मापटं भरायच्या, आणि जसा बसलाय तसाच दिसला पाहिजे म्हणून तेवढ्याच जागेत जुन्या धडप्यांचा बोळा कोंबून बटणं लावायच्या. बारकूच्या पोटाचा आकार त्यांनी सख्ख्या बहिणीच्या मायेने सांभाळला.

आपोआप जोर येणाऱ्या स्प्रिंगेची बातमी आठवडाभरात कॅम्पापर्यंत गेली. माणसं बघायला येऊ लागली. मिस्त्री प्रत्येकाला आकडे वाचून दाखवायचे, काढलेले वायसर तारेत ओवून दुकानातल्या खिळ्याला अडकवले होते ते हातात द्यायचे. एका म्हाताऱ्या पेन्शनरांनी तर, रात्रीपुरती ही स्प्रिंग गुडघ्याला बांधली तर चालेल का, असं बाजूला घेऊन विचारलं. आलेला माणूस जेवल्याशिवाय सोडायचा नाही, हा मिस्त्रींचा स्वभाव. म्हणजे जितकी माणसं जास्त, तितका भात जास्त. जितका भात जास्त, तितका स्प्रिंगला जोर. आणि जितका जोर जास्त, तितकी माणसं. त्यात मिस्त्री स्वतःही पोटभर जेवत असल्यामुळे साइडकारमधला थोडा तांदूळ सीटवर चढत होता, तो वेगळा.

"दादा," वत्सला एकदा वही चाळत म्हणाली, "पाहुणे जेवून गेले की दुसऱ्या दिवशी स्प्रिंगला जास्त जोर असतो."

"पायगुण," मिस्त्री म्हणाले.

पंचवीस तारखेपर्यंत माळेत सात वायसर झाले.

सव्वीसला सकाळी पोत्यासकटच गाडी मैदानावर नेली. ऐन वेळी बसलेलं वजन हलायला नको. झेंडावंदन झालं, मैदानाभोवती जवान, त्यांची बायकामुलं, शेंगदाणेवाले. पुंजाराम रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊनच आला होता. बाटली त्याने गाडीसमोर ठेवली आणि तिच्यावर लक्ष ठेवून उभा राहिला.

"जयभीम, दाजी!" बारकू खाकी पँटवर स्वेटर घालून आला. "उतरवू का मला?" असं म्हणून त्याने पोत्याला मिठी मारली, जोर लावला, आणि पोत्यासकट मागच्या मागे बसला.

"दाजी," तो जमिनीवरूनच म्हणाला, "मी एवढा हलका?"

"बस तू आधी," मिस्त्री म्हणाले.

बारकू साइडकारमध्ये बसला. पुढच्या बाजूने एक मोठा उसासा टाकला आणि ती खाली, खाली जात टेकली. गाडी अजून जागची हललेली नव्हती.

पुंजारामने फडकं बाटलीला लावलं.

"थांब रे! अजून वळण कुठं आलंय?" मिस्त्री ओरडले आणि त्यांनी पोत्याचा शर्ट टराटरा उघडला. आतून त्यांचा स्वतःचा फाटका बनियन निघाला. त्यामागून वत्सलाचं परकर-पोलकं, मग दोन उशांचे अभ्रे. तेवढ्यात भाताचं पातेलं डोक्यावर घेऊन मालनबाई बसस्टॉपवरून पोचल्या.

"हे काय केलंस?"

"काय केलं? जसा बसला होता तसाच दिसतोय ना?"

"तांदूळ कुठाय?"

मालनबाईंनी पातेल्याकडे बघितलं, नवऱ्याच्या पोटाकडे बघितलं, मग भोवती जमलेल्या स्प्रिंगप्रेमी मंडळींकडे बघितलं. "हा काय, सगळा इथंच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या आग्रहाचा."

सगळे वायसर नाशिकरोडला खिळ्यावर. शर्यतीला दहा मिनिटं. बारकू वीस-पंचवीस किलो तिथल्या तिथे उतरवणार कसा? मिस्त्री बुडाखाली रुमालसुद्धा न घेता मातीत बसले. त्यांनी एकदा पुढच्या चाकाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. नंतर तिच्या पायापासून डोक्यापर्यंत परत एकदा, स्प्रिंगेकडे बघावं तसं पाहिलं.

"मालन, तुझं वजन किती गं?"

"चारचौघांत विचारता?"

"नको सांगू. नुसती बस."

मालनबाई पातेलं पुंजारामच्या हातात देऊन बसल्या. मिस्त्री सीटवर चढले. वत्सलाने पट्टी लावली, वाकून बघितलं, डोळे चोळून परत बघितलं.

"बारा सूत," ती म्हणाली. "बरोबर."

सुभेदारसाहेब झेंडी घेऊन आले. "ये माताजी बैठेंगी?"

"नियमात बाई नको असं लिहिलंय का?" मालनबाईंनीच विचारलं. सुभेदारांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि हेल्मेट पुढे केलं.

"आक्का, डाव्या वळणाला बाहेर झुकायचं," बारकू काकुळतीने सांगू लागला, "उजवीकडे वळलं की दाजींकडे..."

"तुझ्या कळवणच्या गाडीत आजवर एकदा तरी बसायला जागा मिळालीय का मला? मला झुकणं शिकवू नको. भातावर लक्ष ठेव."

चार फेऱ्या होत्या. डाव्या वळणावर मालनबाई पदर खोचून साइडकारच्या बाहेर अर्ध्या लोंबायच्या, उजव्या वळणावर नवऱ्याचा पट्टा धरून त्याच्या कानाशी यायच्या. कानाशी आल्या की, तांदळाला शर्ट घालताना एका शब्दानं विचारलं का, हे सांगायच्या. लोकांना वाटलं, जोडीदारीण सूचना देतेय. मिस्त्री तो कान चुकवायला पुढचं डावं वळण लवकर गाठायचे. गाडी उड्या मारत होती, धूळ उडत होती, पण पुढची बाजू खड्ड्यात जायची आणि अदबीने वर यायची. एकदाही टेकली नाही.

त्यांचा दुसरा नंबर आला. गाड्या तीन होत्या, त्यातली एक सुरूच झाली नाही.

पुंजारामने पातेल्यातला भात तोवर अर्धा संपवला होता. तो फडक्याला हात पुसत म्हणाला, "टेकलं नाही. मान्य." दुसऱ्या दिवशी शिडी लावून त्याने 'रेसिंग' गिरवलं. सरळ करायचा प्रयत्न केला, पण मिस्त्रींनी खालून शिडी हलवली.

पुढे शर्यती झाल्या नाहीत. पण दर रविवारी मिस्त्री मालनबाईंना साइडकारमधून कॅम्पात फिरवून आणायचे, आणि निघण्याआधी माप घ्यायचे. वर्षभराने एकदा तेरा सूत भरलं.

"काय झालं?" मालनबाईंनी विचारलं.

"काही नाही. स्प्रिंग थकली. वय झालं तिचं." त्यांनी खिळ्यावरच्या माळेतला एक वायसर काढून घातला. वहीत लिहिलं, 'बसणारा: बारकू. स्प्रिंग थकली. वायसर एक घातला.' वही कुणाच्याही हातात पडू शकते, हे त्यांना माहीत होतं.

"कशी हो थकते एवढी?" मालनबाई दुसऱ्यांदा भात वाढून घेताना म्हणायच्या.

"तोफेची आहे. आयुष्यभर दणके खाल्लेत."

आठ वर्षांत सातही वायसर परत गेले, वर बाजारातून तीन आणावे लागले.

सत्त्याऐंशी साली मालनबाई आजारी पडल्या. पुढे मिस्त्रीही गेल्यावर दुकान आवरायला वत्सला माहेरी आली, तेव्हा तिला ती वही सापडली. तिच्या लग्नानंतरची पानं वडिलांच्या वर चढणाऱ्या अक्षरात होती. मार्चमध्ये लिहिलं होतं, 'बसणारा: बारकू. स्प्रिंगला जोर आलाय. वायसर एक काढला.' मेमध्ये परत, 'जोर आलाय. वायसर दोन काढले.' जुलैत तीन, सप्टेंबरात दोन. खिळ्यावरची माळ जवळजवळ भरली होती.

नोव्हेंबरच्या एका रविवारी शेवटची नोंद होती. त्यात जोराचं काही लिहिलेलं नव्हतं.

'बसणारा: मालन. बारा सूत. बरोबर.'