तळघरातल्या चौदा आया

"माझ्या पुस्तकात चूक शोधायची असेल, तर आधी पिरॅमिड पोखरायला शिका!" असं ते छातीठोकपणे सांगायचे. बावीस वर्षांत प्राचीन इजिप्तवरची अकरा पुस्तकं त्यांनी मराठीत आणली होती. घरातल्या जित्या माणसांपेक्षा मेलेल्या राजांचीच खबरबात त्यांना जास्त! म्हणून अख्ख्या गल्लीने त्यांचं नाव ठेवलं होतं, फॅरोचे जावई.

बारावं पुस्तक सहाशे पानांचं. त्याच्या जोरावर प्राचीन विद्या मंडळाचं अध्यक्षपद जवळजवळ खिशात होतं. प्रकाशकाने शेवटची मुद्रितं पाठवली, ती जावईबापूंनी न उघडताच परत केली. "मी लिहिलंय ना? मग तपासायचं काय त्यात?"

मुद्रितं तपासणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. परका शब्द दिसला की त्यांच्या अंगावर पित्त उठे. 'ममी' वाचून त्यांना आधी वाटलं, एक 'म्' राहून गेला. मग वाटलं, एवढा विद्वान माणूस आणि आईला आई म्हणता येऊ नये? चारशे सात ठिकाणी बाईंनी मायबोलीची अब्रू राखली.

प्रकाशन समारंभ थाटात झाला. मंचावर मंडळाचे मावळते अध्यक्ष, पहिल्या रांगेत जावईबापूंची ब्याऐंशी वर्षांची आई.

"एखादा उतारा होऊन जाऊ द्या," अध्यक्ष म्हणाले.

जावईबापूंनी घसा खाकरला, हाताला लागलं ते पान उघडलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "आई तयार करताना प्रथम तिचा मेंदू नाकावाटे आकड्याने ओढून काढत..."

जावईबापूंनी घाईघाईने चार पानं उलटली. "पोट साफ करून झालं, की आईला खारात पुरून ठेवत..." बाप रे! आणखी पन्नास पानं उलटली. "संग्रहालयाच्या तळघरात आजही चौदा आया धूळ खात पडल्या आहेत."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

"थांबलास का? वाच की पुढे," पहिल्या रांगेतून आई म्हणाली.

अध्यक्षपद जुन्या नाण्यांवर लिहिणाऱ्या एका गृहस्थाकडे गेलं. जावईबापूंनी बाईंना फोन लावला. "अहो बाई, ममी म्हणजे प्रेत असतं, प्रेत!"

"शिव शिव! आईबद्दल असं बोलवतं तरी कसं हो तुम्हाला, सर?"

प्रकाशकाने शुद्धिपत्र छापायचं कबूल केलं. छापलंही. फक्त तेही बाईंच्या हाताखालून गेलं. 'पुस्तकात जिथे जिथे आई असे छापले आहे, तिथे तिथे आई असे वाचावे.'

इकडे आईने भिंग लावून चार दिवसांत सगळं पुस्तक संपवलं. बावीस वर्षांत लेकाचं तिने पुरं वाचलेलं हे पहिलंच.

"चुकलंय गं ते सगळं," जावईबापू पडेल आवाजात म्हणाले.

"मला तर पटलं बाबा. सत्तर सत्तर दिवस आईची उस्तवार करायची ती माणसं! तू माझ्यापाशी सत्तर मिनिटं तरी कधी बसलास?"

जावईबापूंना ते लागलं. त्यांनी मुकाट्याने खुर्ची ओढली आणि आईजवळ बसले. आता बोलायचं काय? गुडघ्यांची चौकशी झाली, हवापाण्याचं झालं. विषय संपले. शेवटी त्यांनी नाइलाजाने खाराचे प्रकार सांगायला घेतले.

अकराव्या मिनिटाला आई घोरत होती.