पलीकडचे मालक बचाव समिती

दुसऱ्याच्या भल्याबुऱ्याचा विचार करायला माणसाला जेवढा निवांतपणा मिळतो, तेवढा स्वतःच्या कामाला कधीच मिळत नाही. समाज टिकून आहे तो यामुळेच. प्रत्येकजण आपापलं पाहू लागला असता, तर सभा कशाला भरल्या असत्या?

आमच्या शहरात फुटबॉलचे दोन क्लब आहेत. मधे पूल. पुलाच्या अलीकडे आहे तो आमचा, पलीकडे आहे तो त्यांचा. (ते लोकही स्वतःला अलीकडचे आणि आम्हाला पलीकडचे म्हणतात. त्यांच्या चुका मोजायच्या तर इथूनच सुरुवात करावी लागेल.)

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सावकाश सांगतो. शाळेत नापास झालेलं मूल निदान त्याच वर्गात बसतं. फुटबॉलमध्ये एवढी दयामाया नाही. वर्षअखेरीला गुणतक्त्यात जे तीन क्लब तळाशी सापडतात, त्यांना एक वर्ग खाली ढकलतात आणि खालच्या वर्गातले हुशार तिघे वर आणतात. खाली गेलेल्या क्लबकडे मग कुणी बघत नाही. चांगले खेळाडू निघून जातात, मैदानाचा रंग उडतो, आणि पुलाअलीकडच्या लोकांना रस्त्यात थांबून विचारपूस करायचा हक्क मिळतो.

त्या वर्षी पलीकडचे तळाशी होते. ही बातमी आली तेव्हा आमच्या समर्थक मंडळात जे वातावरण पसरलं, तसं मी फक्त निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाच्या घरी पाहिलं आहे.

आमचं मंडळ दर शनिवारी संध्याकाळी छापखान्याच्या मागच्या खोलीत भरतं. बसायला कागदाची रिमं. ज्याचा मान जास्त, त्याच्या खाली रिमं जास्त. सगळ्यात उंच बसायचे आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण एकट्यानेच बोलायची त्यांना आयुष्यभराची सवय, त्यामुळे या पदाला दुसरा लायक उमेदवार नव्हता. त्यांच्या खालोखाल विमावाले. मी चिटणीस, कारण मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे माझं अक्षर बरं आहे. छापखानेवाले स्वतः मात्र एकाच रिमावर बसायचे. घरमालक म्हणून उभंच राहायला हवं होतं, पण आम्ही सवलत दिली होती.

छापखानेवाल्यांची एक अडचण होती, आणि ती ते प्रत्येक सभेत मांडायचे. आमच्या क्लबच्या मालकीणबाई फार थकल्या होत्या. त्यांनी छापखानेवाल्यांना बोलावून सांगितलं होतं, "बाबा रे, माझ्याच्यानं आता होत नाही. तुम्ही समर्थक मिळून क्लब चालवा, मी तुमच्या हवाली करते. फक्त मागचं मैदान मुलांचं आहे, ते मुलांचंच राहू द्या." त्या मागच्या मैदानावर रविवारी सकाळी मुलं खेळतात आणि शिट्टी फुंकायला मी असतो. छापखानेवाल्यांची सहावीतली लेकही तिथेच खेळते. तिचा डावा पाय असा चालतो की तिला सगळे डावरी म्हणतात. ही पोर एक दिवस आपल्या क्लबचा सदरा घालून मोठ्या मैदानावर उतरावी, एवढी एकच इच्छा त्या माणसाची.

"बाईंना काय कळवायचं?" ते विचारायचे.

"घेऊ की," डॉक्टर म्हणायचे. "आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

सभेचं कामकाज कसं चालतं हे मुलांनाही कळायला हवं, म्हणून सांगतो. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त, मग मुख्य विषय, आणि शेवटी वेळ उरला तर अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. आमच्या सभेचा सुमारे सत्तर टक्के वेळ पलीकडच्यांच्या दुर्दशेवर जायचा, वीस टक्के त्या दुर्दशेच्या कारणांवर, आणि उरलेला चहा गरम होता की कोमट होता यावर. (कोमट असायचा. याचं खापरही आम्ही पलीकडच्यांवर फोडायचो, कारण बोलण्याच्या नादात तो निवायचा.)

दुर्दशेचं कारण एकच होतं. त्यांचे मालक.

हे गृहस्थ फरशांचे व्यापारी. त्यांच्याबद्दल बोलताना मला आजही आदरच वाटतो. त्यांनी क्लब हाती घेतला आणि जुन्या कोचला काढलं; मग नव्याला काढलं; मग कोचच्या खोलीवरची पितळी पाटी काढून तिथे शाळेतली पाटी टांगली, म्हणजे नाव पुसायला सोपं. एक परदेशी फॉरवर्ड नुसता फोटो पाहून आणला. फोटो चांगला होता. गोलकीपर म्हणून सख्खा भाचा उभा केला. अतिशय नम्र मुलगा. चेंडू समोरून आला की बाजूला होऊन वाट द्यायचा. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे त्यांनी मुलांचं सरावाचं मैदान फरसबंद करून तिथे गाड्या उभ्या करायची सोय केली. फरशा अर्थातच स्वतःच्या गोदामातल्या.

ही शेवटची बातमी सभेत आली तेव्हा डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा दूरदृष्टी! पोरांना मैदानच नाही म्हणजे पुढची दहा वर्षं खेळाडू नाहीत. हा माणूस नुसतं आजचं बुडवत नाही, उद्याचंही बुडवतोय."

"ती पोरं आता आपल्याकडे येतायत खेळायला," छापखानेवाले म्हणाले. "आमच्या ताईची मुलगी पण येते पूल ओलांडून."

"येऊ दे की! त्यांची पोरंसुद्धा आपलीच. यालाच प्रगती म्हणतात."

"मग त्या बाईंचं..."

"आयत्या वेळी."

अशी सगळी सुखाची घडी बसलेली असताना संकट आलं. पलीकडच्या समर्थकांनी मालकांविरुद्ध मोर्चे काढायला सुरुवात केली. छापखानेवाल्यांचे भावोजी त्यात पुढे. हे भावोजी पलीकडे राहतात, बसचालक आहेत, आणि स्वभावाने इतके शांत की त्यांनी कधी हॉर्नसुद्धा जोरात वाजवला नसेल. तेही गेटसमोर उभे राहून "मालक हटाव" ओरडत होते. मालक कंटाळलेत, विकून मोकळे होणार, अशी कुजबुज सुरू झाली.

विमावाल्यांचा चेहरा पडला. "मालक गेले तर संपलं," ते म्हणाले. "उद्या कुणीतरी समजूतदार माणूस आला तर? तीन-चार सामन्यांत सावरतील ते. मी लोकांच्या आयुष्याचा हिशोब करतो, मला कळतं. रोगी बरा व्हायला वेळ लागत नाही. फक्त रोग काढावा लागतो."

"मग रोग टिकवला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. दातांचा डॉक्टर ही गोष्ट अधिकाराने बोलू शकतो.

त्याच सभेत 'पलीकडचे मालक बचाव समिती' एकमताने स्थापन झाली. छापखानेवाले मताच्या वेळी चहा आणायला गेले होते. त्यांचं मत अनुकूल समजण्यात आलं.

समितीचं पहिलं काम फ्लेक्स. अलीकडे-पलीकडे सामन्याच्या दिवशी आम्ही तो आमच्या बाजूच्या कठड्यावर बांधला. हिरव्या रंगात मालकांचा हसरा चेहरा आणि खाली मोठी अक्षरं: 'मालकसाहेब, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत.' पलीकडचे समर्थक स्वतःच्या मालकाला शिव्या देत होते आणि आम्ही त्यांच्या मालकाचा जयजयकार करत होतो. (भाच्याने त्या दिवशी तीनदा वाट दिली.) सामना संपल्यावर मालक आपल्या खुर्चीवरून उठून आमच्या दिशेने बराच वेळ बघत राहिले. आम्ही हात हलवले. त्यांनीही हलवला. आम्ही फार हसलो.

दुसरं काम वाढदिवस. पुष्पगुच्छ घेऊन आम्ही चौघे त्यांच्या फरशांच्या दुकानात गेलो. दुकानात नमुन्याच्या फरशा भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आत काचेच्या खोलीत मालक एकटेच. टेबलावर केक, न कापलेला. आम्हाला बघून त्यांनी आधी घाईघाईने खुर्चीमागे आडोसा घेतला. सवय झाली होती बिचाऱ्यांना.

"दगड नाही, फुलं आहेत," डॉक्टर म्हणाले.

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या क्लबमधलं कुणी मला पाण्यालासुद्धा विचारत नाही हो. आणि तुम्ही, पुलाच्या त्या बाजूचे..."

"प्रेमाला पूल कसला आडवा येतोय," विमावाले म्हणाले. हे वाक्य त्यांनी येताना वाटेत तयार केलं होतं.

"तुमच्यासारखा मालक शहराला पुन्हा मिळायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणी काही म्हणो, तुम्ही मागे हटू नका. तो पार्किंगचा निर्णय तर... काय सांगू, आम्ही टाळ्या वाजवल्या."

"खरंच आवडला तुम्हाला?"

"विचारा यांना."

मालकांनी छापखानेवाल्यांकडे पाहिलं. छापखानेवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशांकडे पाहिलं. फरशा उत्तम प्रतीच्या होत्या, आणि मी तसं म्हणालो.

मालकांनी केक कापला, आम्हाला स्वतःच्या हाताने भरवला, आणि दारापर्यंत सोडायला आले. "असे चार लोक मला आधी भेटायला हवे होते," ते म्हणाले. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता तो हलत नाही बघा."

तो हलला.

पुढच्या शनिवारी आमची सभा रंगात आलेली असताना छापखान्याच्या दारात एक मुलाखत ऐकू येऊ लागली. उशिरा आलेल्या विमावाल्यांच्या हातातल्या फोनवर ती चालू होती. मालक सांगत होते की त्यांनी आपला क्लब तिथल्याच समर्थकांच्या मंडळाला देऊन टाकला आहे, एका बसचालकाच्या पुढाकाराने. "जिथे आपली किंमत नाही तिथे राहू नये," ते म्हणाले, "आणि जिथे प्रेम आहे तिथे जावं. पुलाच्या त्या बाजूच्या क्लबच्या मालकीणबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, कुणीतरी घ्याच, मी किती दिवस उत्तराची वाट बघतेय. समर्थकांचा मला पाठिंबा आहे याचा पुरावा म्हणून मी त्यांना त्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. लगेच सही झाली."

डॉक्टरांचं तोंड उघडं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते कामाशिवाय उघडं होतं.

"आयत्या वेळचा विषय," छापखानेवाले हळूच म्हणाले, "घ्यायचा का आता?"

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. पलीकडच्यांनी कोचच्या खोलीला पितळी पाटी लावली, सरावाच्या मैदानावरच्या फरशा उपटल्या आणि शेवटच्या सामन्यात बरोबरी करून एका गुणाने वाचले. आमच्याकडे भाचा आला. गेटवरच्या माणसाला आदराने नमस्कार करणारा असा गोलकीपर क्लबला पूर्वी लाभला नव्हता. रविवारी सकाळी मी शिट्टी घेऊन मागच्या मैदानावर गेलो तर तिथे दोन माणसं दोरी धरून गाड्यांसाठी रेघा आखत होती. मुलं एका ओळीत उभी राहून बघत होती. डावरीने विचारलं, "सर, या रेघा कुठल्या खेळाच्या?"

मुलांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत असं मी जन्मभर सांगत आलो आहे. या प्रश्नाचं उत्तर मी तपासून सांगतो म्हणालो.

त्याच आठवड्यात भावोजी छापखान्यात आले. हातात पेढ्यासारखं काही नव्हतं, चेहऱ्यावरच सगळं होतं.

"काय मेहुणे, एक फ्लेक्स हवा होता. मोठा. पुढच्या वर्षीच्या पहिल्या सामन्याला आमच्या बाजूला लावायचाय."

"काय लिहायचं?"

"लिहा... 'मालकसाहेब, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत.'"

छापखानेवाले हातातलं काम ठेवून उठले. मग मागच्या खोलीत गेले, कोपऱ्यातली गुंडाळी उचलली आणि झटकून त्यांच्या हातात दिली. "तयारच आहे. एकदाच वापरलाय."

भावोजी निघाले, पण दारात थांबले. त्यांचा आवाज उतरला. "डावरीला पाठवा रविवारी. आमचं मैदान मोकळं झालंय. आमची मुलगी पण येते, दोघी मिळून पूल ओलांडतील... म्हणजे तुमची ओलांडेल. चेंडू आहेत, सगळं आहे."

रविवारी छापखानेवाले स्वतःच डावरीला पुलापर्यंत सोडायला गेले. पुलाच्या मध्यावर तिने पिशवीतून पलीकडचा सदरा काढून अंगावर चढवला. वडिलांना वाईट वाटू नये म्हणून तिने तो तोवर उलटा घडी करून ठेवला होता. ते कठड्याला धरून उभे राहिले. पलीकडून शिट्टी वाजली आणि ती धावत सुटली, डावा पाय पुढे. फार छान धावते ती. हे मी पक्षपात न करता सांगतो, कारण शिट्टी मीच वाजवली होती. मुलं जिकडे, मास्तर तिकडे.

आमचं मंडळ अजूनही शनिवारी भरतं. खचून जाण्याचं कारण नाही. पलीकडचे समर्थक क्लब चालवतायत म्हणजे लवकरच आपसांत भांडतील असा विमावाल्यांचा हिशोब आहे, आणि सध्या सगळा वेळ त्या विषयाला दिला जातो. छापखानेवाल्यांचं रिम रिकामं असतं. डावरी आता शनिवारी संध्याकाळीही पलीकडे खेळते, त्यामुळे ते त्या वेळी पुलावर असतात.

त्या जागेसाठी सभासद हवा आहे. पात्रता कठीण नाही, आणि ती तुमच्याकडे आहे असं मी खात्रीने सांगू शकतो. पलीकडचे तळाशी होते, मग वाचले, एका गुणाने, हे सगळं तुम्ही मन लावून ऐकलंत. पण या सगळ्या काळात गुणतक्त्यात आमचा क्लब कितवा होता, हे मी कुठेच सांगितलेलं नाही.

तुम्हीही विचारलं नाहीत. या शनिवारी या; चहा कोमट असेल.