व्हेनेझुएलाच्या साळुंके बाई

आमच्या शेजारच्या साळुंके बाई व्हेनेझुएलाच्या आहेत. म्हणजे जन्म बिडकीनचा, सासर दौलताबादचं, उभी हयात इथल्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, पण कुणी गाव विचारलं की बाई ठसक्यात सांगतात, "आम्ही व्हेनेझुएलाचे."

याचं मूळ एका धबधब्यात आहे. जगातला सगळ्यात उंच धबधबा त्या देशात. तो शिकवता शिकवता बाई त्याच्या प्रेमात पडल्या. "देवगिरीचे चार किल्ले एकावर एक ठेवा, तरी पाणी त्यांच्या डोक्यावरून पडंल," असं त्या भाजीवाल्यालाही ऐकवत. निवृत्त झाल्यावर टीव्हीवर त्या देशाचा फुटबॉल संघ दिसला आणि बाई त्याच्याही झाल्या. दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघातल्या दहा देशांत वर्ल्ड कप न खेळलेला हा एकटाच संघ. कोपा अमेरिका या तिकडच्या स्पर्धेत एकदा चौथा आला, तेवढीच पुण्याई. पण तो चौथा नंबर बाई असा रंगवत, की ऐकणाऱ्याला पहिल्याची कीव यावी.

एका दुष्काळी वर्षी मृग लागला तरी आभाळ कोरडंच होतं. हर्सूलचा तलाव तळाला गेलेला. आमची कॉलनी नवी. शहर आमच्यापर्यंत पोचलं होतं, नळ पोचले नव्हते. सगळी गल्ली टँकरवर. टँकर यायचा पहाटे, आणि त्या वर्षी कोपाचे सामनेही पहाटेच.

त्या दिवशी गाठ उरुग्वेशी होती. उरुग्वे म्हणजे दोनदा जग जिंकलेले. बाई संघाच्या रंगाची मरून साडी नेसून टीव्हीपुढं बसल्या होत्या. आम्ही साखरझोपेत. एवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली, "आला! आला!"

क्षणात गल्ली बाहेर. बादल्या, कळश्या, पिंपं. समोरचे शेखभाई एकाच पायात चप्पल घालून, खांद्यावर पाइप टाकून धावले. रस्ता मात्र मोकळा. बाई दारात आल्या, डोळे भरलेले.

"बाई, टँकर किधर है?" शेखभाईंनी विचारलं.

"टँकर नाय हो. गोल आला."

माझी बायको चार शब्द सुनावणार होती, पण बाईंनी तिचा हात धरून तिला आतच नेलं. अर्ध्याहून जास्त खेळ बाकी होता आणि एकटीला तो बघवत नव्हता म्हणे. तिच्यामागं आम्ही सगळे गेलो आणि बादल्या पालथ्या घालून बसलो. उरुग्वेवाले धडकांवर धडका देत होते. जन्मात फुटबॉल न पाहिलेले शेखभाई गोलकीपरला दखनीत सल्ले देऊ लागले. अखेर शिट्टी वाजली, व्हेनेझुएला जिंकलं, आणि त्या खोलीत आम्ही अक्षरशः नाचलो.

बाहेर आलो तर रस्ता ओला. टँकर हॉर्न वाजवून, वाट पाहून पुढच्या गल्लीत निघून गेला होता. सगळ्यांचे चेहरे उतरले. बाईंकडं बघायलाही कुणाला नको वाटत होतं.

बाईंनी मागचं दार उघडलं. परसात काठोकाठ भरलेली पिंपं ओळीनं उभी होती, तोंडाला स्वच्छ फडकी बांधलेली. पदर खोचून त्यांनी स्वतः सगळ्यांच्या बादल्या भरल्या. बायकोला राहवलं नाही. एकट्या माणसाला एवढं पाणी कशाला, असं तिनं विचारलंच.

"मला दोन बादल्या लई होतात गं," बाई खाली बघत म्हणाल्या. "पण रांगेत उभं राहिलं की चार माणसं बोलतात."

पुढं बाद फेरीत सामना अर्जेंटिनाशी होता. त्या पहाटे गल्ली न बोलावता बाईंकडं जमली. व्हेनेझुएलानं चार गोल खाल्ले आणि स्पर्धा संपली. शेखभाई फार हळहळले. बाई मात्र स्वयंपाकघरातून आनंदानं विचारत होत्या, साखर कुणाला कमी पाहिजे.