सव्वा मीटर जाळीचा पाईप

सकाळी साडेआठला धनपाल मगदूम जीपखाली शिरला तेव्हा काम तासाभराचं होतं. साडेदहाला तो बाहेर आला तेव्हा ते तीन तासांचं झालं होतं. त्याची बायको गुणमाला पायरीवर बसून हे सगळं बघत होती. तिला सांगायचं बरंच होतं. पण आज चतुर्दशी होती.

गुणमालेनं बारा चतुर्दशींचा नियम घेतला होता. त्या दिवशी उठल्यापासून मौन. कुंडलच्या डोंगरावरच्या जैन मंदिरात जाऊन दर्शन. दर्शन झाल्याशिवाय अन्न नाही, पाणी नाही. दर्शन करून घरी आलं की एकदाच जेवायचं आणि तेव्हाच मौन सोडायचं. त्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे, म्हणजे हे सगळं उजेडात उरकायला हवं. एक चतुर्दशी चुकली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अकरा झाल्या होत्या. अकराही वेळा ती पलूसच्या स्टँडवरून एसटीनं गेली होती आणि दुपारी बारापर्यंत जेवून, भांडी घासून मोकळी झाली होती.

बाराव्या वेळी धनपालला तिची दया आली.

"शेवटच्या दिवशी तरी उभी राहून जायचं न्हाई," त्यानं आदल्या संध्याकाळी जाहीर केलं होतं. "आपली जीप हाय की दारात."

जीप दारात होती हे खरं. दारात असण्याचा तिला बराच सराव होता. डिझेलचा रबरी पाईप चिरला होता आणि खाली ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात थेंब थेंब पडत होता. थोरली लेक प्रियदर्शनी पुण्याला गाड्यांच्या कंपनीत होती. तिनं सव्वा मीटर लांबीचा नवा पाईप पाठवला होता. आत रबर, वरून स्टीलच्या तारांची विणलेली जाळी, आणि दोन टोकांना बसवायला निळ्या-लाल रंगाची दोन फिटिंग. सोबत फोनवर तिचा नऊ मिनिटांचा बोलून पाठवलेला निरोप होता. धनपालनं त्यातलं दीड मिनिट ऐकलं आणि म्हणाला, "कळलं."

हातोडीचा आवाज ऐकून शेजारचा कृष्णात आला. त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान होतं.

"आण्णा, पाईप जोडायचाय व्हय? मला हाक मारायची की! पाईप जोडण्यात निम्मं आयुष्य गेलं माझं."

"ह्यो येगळा हाय. वरनं जाळी हाय."

"जाळी असू द्या न्हाईतर जरीचा काठ असू द्या. पाईप तो पाईपच."

जुन्या पाईपापेक्षा पाच बोटं जास्त ठेवून कापायला कृष्णातनं पाईप गुडघ्याखाली दाबला आणि लोखंड कापायचं एक्सा ब्लेड चालवलं. कापून झालं तेव्हा पाईपाच्या तोंडाला केरसुणी फुटली होती. शेकडो बारीक तारा चहूकडे पसरल्या होत्या. त्या आत ढकलताना दोन धनपालच्या अंगठ्यात गेल्या, एक कृष्णातच्या.

"पुढचं ऐका की," कृष्णात अंगठा चोखत म्हणाला. "काय म्हणती पोरगी?"

धनपालनं फोनवरचा निरोप पुढं लावला. प्रियदर्शनी शांतपणे सांगत होती, "पप्पा, कापायच्या आधी पाईपाला टेप घट्ट गुंडाळायची आणि टेपवरूनच कापायचं. नाहीतर तारा सुटतात."

"हे आधी सांगाय नको हिनं?"

"आधीच सांगितलंय आण्णा. आपण मागनं ऐकलं."

गुणमालेनं आतून टेप आणून दिली. दुसऱ्यांदा पाईप सुरीनं कापल्यासारखा सुबक निघाला. कापलेला चार बोटांचा तुकडा केरात गेला. मग फिटिंगचा नट जाळीवर चढवायचा होता, आणि तो चढेना. धनपालनं ढकललं, कृष्णातनं ढकललं, दोघांनी दोन टोकांना धरून एकमेकांना ढकललं.

"ठिबकला आमी तोंड गरम करतो," कृष्णात म्हणाला. "जरा जाळ दावला की पाईप आपसूक मऊ हुतोय."

त्यानं खिशातून काडेपेटी काढली. खाली पत्र्याच्या डब्यात अर्धा लिटर डिझेल होतं. गुणमाला पायरीवरून उठली, त्याच्या हातातून काडेपेटी घेतली, कमरेला खोचली आणि परत जागेवर जाऊन बसली. ही खूण कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

शेवटी तिनंच वाटीत थोडं तेल आणून ठेवलं. तेलाचं बोट फिरवल्यावर नट चढला, त्यात फिटिंगचा आतला निपल आवळला, आणि बारा वाजता एक टोक तयार झालं. धनपालनं ते उन्हात धरून बघितलं. लेकीच्या बारशालाही त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता.

दुसरं टोक चाललं असताना गुणमालेनं वाकून जीपखाली बघितलं. जुना पाईप चासीच्या पत्र्याला असलेल्या भोकातून पलीकडं गेला होता. भोक दहाच्या नाण्याएवढं. फिटिंगचा नट चांगला लिंबाएवढा. तिनं एकदा भोकाकडं बघितलं, एकदा दोघांकडं. मग टाळी वाजवली.

"काय गं?"

तिनं भोक दाखवलं, नट दाखवला, मान हलवली.

"व्हय व्हय, तितंच बसवायचाय," धनपाल म्हणाला. "तू बस निवांत."

खुणेला तिच्या नियमात मुभा होती, लिहायला नव्हती. लिहिणं म्हणजे बोटांनी बोलणंच, असं तिला साध्वी आर्यिका माताजींनी सांगितलं होतं. ती क्षणभर थांबली, घरात गेली आणि धुतलेला परकर आणि सुटी नाडी घेऊन आली. नाडीच्या दोन्ही टोकांना तिनं जाडजूड गाठी मारल्या होत्या. त्या गाठी परकराच्या नेफ्यात जात नाहीत हे तिनं तीनदा ढकलून दाखवलं.

धनपाल बघतच राहिला. "अगं, आत्ता नाडी ओवायची येळ हाय का? हितं काय चाललंय, तुझं काय चाललंय!"

"द्या काकी, मी ओवतो," कृष्णात मनापासून म्हणाला. "आण्णांच्या हाताला तेल हाय."

गुणमालेनं डोळे मिटले. ओठ हलले, ते नवकार मंत्रासाठी. परकर तिनं दोरीवर टाकला आणि पुन्हा पायरीवर बसली.

एक वाजता दोन्ही टोकं घट्ट बसली. धनपाल पाईप घेऊन जीपखाली सरकला. मग आतून नुसतंच "कृष्णात" असं आलं. कृष्णात पोटावर झोपला आणि त्यानंही बघितलं. बाहेर दोरीवर परकर वाऱ्यानं हलत होता.

"आण्णा," कृष्णात हळूच म्हणाला, "काकी मगाशी नाडीचं सांगत हुत्या ते ह्येच."

"मग नीट सांगायचं की तिनं!"

एक टोक सोडावं लागलं. सोडताना जाळी चुरगळली, म्हणून पुन्हा टेप, पुन्हा कापणं. आणखी चार बोटं केरात. मोकळं टोक भोकातून गेलं आणि पलीकडं झोपून, मान वाकडी करून, दोघांनी त्याला फिटिंग बसवलं. त्याला पावणेतीन वाजले. मधे गुणमालेनं दोनदा येऊन खुणेनं विचारलं, ताट वाढू का?

"तुझ्या पोटात पाण्याचा थेंब न्हाई आणि मी जेवू?" धनपाल जीपखालून म्हणाला. "तुला डोंगरावर न्हेल्याशिवाय मी तोंडात काय घालनार न्हाई."

तो हे प्रेमानं म्हणाला होता. पण गुणमालेचा चेहरा, आता दोन माणसं उपाशी आहेत हे कळलेल्या बाईचा झाला.

पाईप आता डिझेलच्या फिल्टरपर्यंत पोचत नव्हता. तीन बोटं कमी पडत होता. धनपालनं ओढला, कृष्णातनं ओढला. रबर असतं तर लाजेकाजेस्तव थोडं ताणलं असतं. स्टीलची जाळी कुणाची भीड धरत नाही.

"पाईप फिल्टरकडं जात न्हाई, तर फिल्टर पाईपाकडं आनू," कृष्णात म्हणाला.

धनपाल इतका दमला होता की त्याला हे पटलं. फिल्टर सोडला. नवी भोकं पाडायला ड्रिल मशीन आणलं आणि वीज गेली. कृष्णातची बायको संयोगिता चहा घेऊन आली ती दोघं विजेची वाट बघत बोनेटला टेकलेले असताना. कृष्णातनं चहा घेतला. धनपालनं हात जोडले.

"आवं, सकाळधरनं ह्येच चाललंय?" संयोगितेनं विचारलं.

"झालंच," कृष्णात म्हणाला. "दोन भोकं राहिल्यात."

संयोगितेनं नवऱ्याकडं बघितलं, धनपालकडं बघितलं, मग पायरीवर बसलेल्या गुणमालेकडं बराच वेळ बघितलं आणि कपबशा घेऊन गेली.

वीज चारला आली. फिल्टर नव्या जागी बसला, पाईप आवळला. धनपालनं चावी फिरवली. जीप गुरगुरली, धडधडली, दहा सेकंद चालली आणि गप्प झाली.

"ऐका आता," कृष्णात म्हणाला. त्याला त्या फोनची भीती वाटू लागली होती.

"...आणि पप्पा, कापल्यावर पाईपात रबराचा, तारांचा कीस राहतो. जोडायच्या आधी आतून धुवून, हवा मारून घ्या. नाहीतर सगळा फिल्टरमध्ये जाईल."

दोघांनी पाईप सोडला, धुतला, सायकलच्या पंपानं फुंकला. फिल्टर साफ केला. पाईप परत आवळला. मग डिझेलमधली हवा काढायची राहिली. धनपाल हातपंप दाबत होता, कृष्णात बोल्ट सैल करून "आली, आली, अजून हाय" म्हणत होता. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर आला.

साडेपाचला जीप सुरू झाली आणि सुरूच राहिली. धनपालनं आडवं होऊन, टॉर्च लावून पाईप बघितला. एक थेंब नाही. जाळी चांदीसारखी चमकत होती.

"गुणमाला!" तो ओरडला. "चल, बस! धा मिनटात डोंगर!"

पायरीवर कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात नव्हतं. देवघरात नव्हतं.

"आण्णा, चक्कर येऊन पडल्या तर न्हाईत कुटं?" कृष्णात घाबरून म्हणाला. "पाणीबी न्हवतं पोटात."

दोघं परसात धावले, गोठ्यात बघितलं, पुढच्या दारी परत आले. तेवढ्यात संयोगितेची स्कूटी येऊन जीपच्या मागं उभी राहिली. मागच्या सीटवरून गुणमाला सावकाश उतरली. कपाळाला गंध होतं आणि हातात अक्षतांची रिकामी डबी. तिनं दोघांना हात जोडले, सरळ आत गेली, हातपाय धुतले आणि ताट वाढून घेतलं. खिडकीतून अजून पिवळा उजेड येत होता. ती खाली मान घालून, एकेक घास चावून, शांतपणे जेवली.

"साडेचारला नेलं मी," संयोगिता बाहेर सांगत होती. "पायऱ्या चढून, दर्शन घेऊन आलो. तुमास्नी हाक मारली की. दोघांची डोकी खाली आणि पाय तेवढे वर दिसत हुते."

धनपाल उंबऱ्यात बसून बायकोचं जेवण बघत राहिला. तिनं ताट धुतलं, चूळ भरली, पाणी प्याली. भांडं पालथं घातलं तेव्हा उसामागं सूर्य गेला होता. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलली.

"गळत न्हाई न्हवं आता?"

"न्हाई," धनपाल म्हणाला.

"बरं झालं."

त्याला एकदम भूक लागली. सकाळी घाईत नाष्टाही राहिला होता. त्यानं झाकलेल्या ताटाकडं बघितलं, मग खिडकीकडं. बाहेर दिवेलागण झाली होती.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता उद्या सकाळी," गुणमाला हळू आवाजात म्हणाली. "चौदसीचा कडक उपास घडला तुमास्नी. असा उपास मागून मिळत न्हाई."

कृष्णात दाराशी उभा होता. त्यानं बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"म्हंजे आण्णा, काकींच्या बारा झाल्या आणि तुमची एक."

गुणमालेनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पान उलटलं आणि पुढच्या चतुर्दशीखाली पेन्सिलीनं बारीक खूण केली.

"पुढच्या खेपंला तुमी एसटीनं जावा," ती म्हणाली. "बारापतुर जेवायला मिळतंय."