पल्याडच्या ग्रहावरची राणी

आमच्या डिंभ्यात अंतराळयानाचा कप्तान संकटात सापडला की म्हणायचा, "घाबरू नगा, यान आपल्या ताब्यात हाय." आणि यान खरोखरच कोसळायला लागलं की म्हणायचा, "आता मातर अवघड हाय, राव." हा कप्तान मूळचा कुठल्या देशाचा होता कुणास ठाऊक, पण त्याचा आवाज होता हसनभाई केबलवाल्याचा.

हसनभाई जुन्नरचा. रेडिओ दुरुस्त करता करता टीव्हीकडे वळला, आणि डिंभ्याला अजून केबल नाही असं कळल्यावर बायको आणि एक ट्रंक घेऊन इथे आला. धरणाच्या वसाहतीला लागून त्याने दोन खोल्या घेतल्या. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत 'कंट्रोल'. कंट्रोल म्हणजे एक टेबल, त्यावर चार डबे, वायरींचा गुंता आणि लग्नात वापरतात तसला माईक. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होतो. निवृत्त झाल्यावर मुलगा पुण्याला चला म्हणाला, पण माझा पुण्यात जीव रमत नाही. मी हसनभाईच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. आमची भिंत एकच आहे आणि ती फार जाड नाही.

तर त्या काळात दर रविवारी सकाळी अकराला डिशवर एक परदेशी मालिका लागायची. एक यान, त्यात सात माणसं, एक यंत्रमानव आणि दर आठवड्याला नवा ग्रह. लोकांना चित्र आवडायचं, पण बोलणं सगळं इंग्रजी. हसनभाईने एका रविवारी मूळ आवाज बंद केला, माईक जोडला आणि स्वतःच बोलायला बसला. इंग्रजी त्याला माझ्याइतकंच यायचं, म्हणजे रजेचा अर्ज लिहिण्यापुरतं. जे कळायचं नाही ते तो मनाने भरायचा.

सातही माणसं तोच. यंत्रमानव एस.टी. स्टँडवरच्या घोषणेच्या सुरात बोलायचा. यानात बिघाड झाला की कप्तान आळेफाट्याहून मेकॅनिक बोलवा म्हणायचा. दोन ताऱ्यांमधलं अंतर घोडेगावात मोजलं जायचं. "हितनं त्यो तारा म्हंजी धा हजार येळा घोडेगावला जाऊन येनं, ते बी एस.टी. टायमावर आली तर." मला नियमाबाहेरचं काही सहन होत नाही. मी एकदा त्याला प्रकाशवर्ष म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, तुमी कदी गेलाय का तिकडं?" मी गेलो नव्हतो. विषय संपला.

एका रविवारी प्रेमाचा भाग आला. तहानेने व्याकूळ झालेला कप्तान एका ग्रहावर उतरतो. तिथली राणी त्याला पाणी देते, आणि हा गडी एका दमात तीन पेले रिकामे करतो. त्या ग्रहावरची रीत अशी, की परक्या पुरुषाने बाईच्या हातचं पाणी प्यायलं की लग्न लागलं. म्हणजे याची तीन लग्नं झाली, तिन्ही त्याच राणीशी. आता इथून निघायचं कसं, एवढाच त्या भागाचा विषय.

हसनभाईने राणीसाठी आवाज बारीक केला. मागच्या खोलीत जैतूनभाभी मासे तळत होत्या. त्यांनी दोन-चार वाक्यं ऐकली, गॅस बंद केला आणि पुढे येऊन म्हणाल्या, "ही रानी हाय का कोंबडी?" हे सगळ्या गावाने ऐकलं. मग त्यांनी नवऱ्याच्या हातातून माईक घेतला आणि पडद्याकडे बघत स्वतःच बोलायला लागल्या. कप्तान म्हणाला, "मला जायाला पायजे, यान वाट बघतंय." राणी म्हणाली, "जावा की. पानी पिताना यान कुटं गेलं व्हतं?" आम्ही घराघरात हसून लोळलो. तशी हजरजबाबी राणी त्या परदेशी लोकांनाही सुचली नसणार.

मग जाहिराती लागल्या. जाहिरातींच्या वेळी माईक बंद करायचा असतो, पण राणीच्या त्या अचानक आगमनात हसनभाई ते विसरला. पडद्यावर साबणाचा फेस आणि मागे नवरा-बायकोचं भांडण, असा कार्यक्रम सुरू झाला. भाभी विचारत होत्या, जुन्नरला आईला भेटायला कधी नेणार. हा म्हणत होता, उद्या नेतो. त्या म्हणाल्या, दोन महिने झाले तुमचा उद्या उजाडत नाही. तेव्हा याने कप्तानाचा आवाज काढला, "घाबरू नगा, यान आपल्या ताब्यात हाय." त्यावर जैतूनभाभी जे हसल्या ते अर्धी जाहिरात संपेपर्यंत हसतच राहिल्या. मोकळं, पोटातून आलेलं, मधेच श्वास अडकणारं हसू. मी माझ्या घरात एकटा बसलो होतो. माझी बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ते हसू ऐकून मला किती बरं वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी गावात जो भेटेल तो हसनभाईला विचारायचा, राणीला माहेरी कधी नेताय. मंगळवारच्या गाडीने त्याने त्यांना जुन्नरला नेलं. भाभी मात्र इतक्या लाजल्या, की पुन्हा त्यांनी माईकला हात म्हणून लावला नाही. त्यांचा आवाज असलेला तो एकच भाग. हसनभाई सगळे भाग कॅसेटवर उतरवून ठेवायचा, तसा हाही उतरला, भांडणासकट आणि हसण्यासकट. कॅसेटला बुरशी यायला लागली तेव्हा त्याने सीडी करून घेतली आणि कॅसेट टाकून दिली.

नंतर ती मालिका संपली. घरोघर मोबाईल आले आणि केबल लोकांना जड झाली. आता गावात अकरा कनेक्शन उरली आहेत, त्यातलं एक माझं. चार वर्षांपूर्वी जैतूनभाभींच्या घशात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण डॉक्टरांना आवाजाची पेटी काढावी लागली. भाभी गळ्याभोवती ओढणी घेऊन घरी आल्या, आणि येताना हसनभाईने मंचरच्या बाजारातून शाळेतल्या पोरांची पाटी विकत आणली. भाभी जुन्नरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

तेव्हापासून दर रविवारी अकराला आमच्या केबलवर तोच एक भाग लागतो. पहिल्या वर्षी मी तक्रार केली. तीही लेखी, जुनी सवय. रविवारी क्रिकेट असतं, एकच भाग किती वेळा बघायचा, वगैरे. हसनभाईने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "जैतूनसाठी लावतो, भाऊसाहेब. तिला तिचा आवाज ऐकाया मिळतो." मला माझीच लाज वाटली. त्यानंतर अकरा घरांपैकी एकानेही कधी कुरकुर केली नाही.

बाहेर हसनभाई पूर्वीसारखाच. खांबावर चढून बडबडणार, चहाच्या टपरीवर यंत्रमानव होणार, पोस्टमनला दुसऱ्या ग्रहावरचे निरोप देणार. भिंतीपलीकडून मात्र मला आवाज यायचा तो रविवारी अकरा ते पावणेबारा. बाकी वेळ सामसूम. मी म्हणायचो, बाई बोलू शकत नाही, मग घर शांत असणारच.

यंदाच्या पावसाळ्यात सीडी अडखळायला लागली. आधी राणीचं एक वाक्य गेलं, मग दोन. हसनभाई ती कापडाने पुसायचा, फुंकर मारायचा, पुन्हा लावायचा. एका रविवारी कप्तान प्रश्न विचारत राहिला आणि राणीचे नुसते ओठ हलले. सोमवारी सकाळी हसनभाई माझ्या दारात उभा. मंचरला बरोबर चला म्हणाला. एकटं जायला त्याला धीर होत नव्हता.

मंचरला कांतिलालशेठचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिले आणि ती सीडी एकापाठोपाठ तीन मशीनमध्ये घालून पाहिली. गिऱ्हाइकं खोळंबली तरी तास-दीड तास त्यांनी खटपट केली. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "हसनभाई, चित्र निघतंय. आवाज नाही निघत. दुसरी कॉपी असेल ना?" नव्हती. गावभरच्या लग्नाच्या सीड्यांच्या कॉप्या करून देणारा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

परत येताना एस.टी.ने घोडेगाव सोडलं. तेव्हा हसनभाई खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "तिला तुमी सांगा. माज्यानं न्हाई व्हनार. तेवडंच उरलं व्हतं तिचं." मी नाही म्हणू शकलो नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. हसनभाई घरासमोरच्या कालव्याच्या कठड्यावर पाठ करून बसला आणि मी एकटा आत गेलो. भाभी मेथी निवडत होत्या. मी आधी मंचरच्या चिखलाबद्दल बोललो, मग कांतिलालशेठ किती भला माणूस आहे त्याबद्दल. भाभींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. तेव्हा मी एकदाचं सांगून टाकलं, की सीडीतला आवाज गेला आणि आता तो परत येणार नाही.

त्यांनी हात पदराला पुसले, पाटी ओढली आणि लिहिलं, "बरं झालं."

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "मला तो आवाज ऐकवत नाही. त्यांना ऐकायचा असतो म्हणून मी बसते." एवढ्याने पाटी भरली. ती पुसून त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं, आणि या वेळी पेन्सिल इतकी दाबली की तिचं टोक तुटलं. "आता तरी माझ्याशी बोला म्हणावं."

मी ती पाटी हातात घेऊन उभाच राहिलो. चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो मी. आवाज त्यांचा गेला होता, त्याचा नव्हे. तरी त्या घरात मी त्याला बोलताना ऐकलेलं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. गावभर आठ-आठ जणांचे आवाज काढणारा हा माणूस घराच्या उंबऱ्यात आला की मुका होत होता.

मी पाटी तशीच बाहेर नेली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने वाचली. खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचली.

"मी बोलनार आन तिला बोलता येनार न्हाई," तो म्हणाला. "तिला किती लागंल ते. म्हनून मी बी गप ऱ्हायलो, भाऊसाहेब. दोगं सारकं."

मी म्हणालो, "भाभी तुमच्या बोलण्याची वाट बघतायत, हसनभाई."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्याने मला विचारलं, "काय बोलू?"

"काहीही. आज काय झालं ते सांगा."

तो उठला, पाटी छातीशी धरून आत गेला. मी माझ्या पायरीवर बसलो. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये हे मला कळतं, पण मी उठलो नाही.  आतून आवाज आला. तो कप्तानाचा नव्हता, यंत्रमानवाचा नव्हता. थोडा घोगरा, न वापरलेला.

"जैतून, मंचरला आज लई गर्दी व्हती. कांद्याच्या गाड्या पार हायवेपतुर लागल्या व्हत्या."

मग थांबला. पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज आला.

"न्हाई, जेवलो न्हाई. भाऊसाहेब म्हनलं वडा खाऊ. मन लागंना."

पुन्हा पेन्सिल. या वेळी जास्त वेळ. मग भांड्यांचा आवाज झाला, आणि हसनभाई म्हणाला, "मग वाढ. आन तू बी बस. अजून लई सांगायचंय."